पस्तीस पेट्यांचे त्रेसष्टशे

वाचक आईचं पत्र (थोडं आखडून)

नमस्कार बाई. आम्ही तासगाव तालुक्यातले, दीड एकर द्राक्षबाग आहे. माझा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीला आहे. डिसेंबरात आठ पूर्ण झाली. जाऊबाईंची मुलगी त्याच वर्गात, तिचा जन्म जानेवारीचा. ती कायम पहिल्या पाचात. आमच्याला सहामाहीत गणितात पन्नासपैकी चौदा आणि इंग्रजीत सतरा. पालकसभेत टीचर म्हणाल्या, मुलगा स्लो आहे, वर्गातलं लिखाण अपुरं असतं, ट्यूशन लावा. लावली आहे, संध्याकाळी सहा ते आठ. फरक नाही. घरी पुस्तकात बघून मात्र नीट उतरवतो. सकाळी पावणेसातला व्हॅन येते, चहा-खारी खाऊन जातो. रात्री सगळ्यांची जेवणं, टीव्ही, झोपायला पावणेअकरा होतात. सासूबाई म्हणतात, "डोस्कंच न्हाई त्येला, बागंत घाला." पण बाई, बागेत व्यापारी आला की हाच पोरगा तोंडी हिशेब करतो. परवा एकशे ऐंशीचा दर ठरला, पस्तीस पेट्या. यांनी मोबाईल काढेपर्यंत हा म्हणाला, त्रेसष्टशे. मग परीक्षेत काय होतं? बुद्धी कमी आहे का? माध्यम चुकलं का? झेडपीच्या शाळेत घालू का? सोबत पेपरचा फोटो पाठवते. रागाच्या भरात दोनदा हात उचलला त्याच्यावर. त्याचं फार वाईट वाटतं.
– एक आई

ताई, नमस्कार.

पेपरचा फोटो मोठा करून दोनदा बघितला. चौथा प्रश्न, ३५ गुणिले १८. पोराने आठाने गुणून २८० लिहिलेत, ते बरोबर. एकाने गुणून ३५ लिहिलेत, तेही बरोबर. पण ते ३५ एक घर डावीकडे सरकवायचे राहिले, म्हणून बेरीज ३१५ आली आणि त्यावर लाल फुली बसली. आता तुमच्या बागेतला हिशेब घ्या. पस्तीस पेट्या, एकशे ऐंशीचा दर. तोच पस्तीस, तोच अठरा, वर एक शून्य जादा. ज्या गणिताला शाळेत भोपळा मिळाला तेच गणित त्याने व्यापाऱ्यासमोर उभ्या उभ्या केलं. सासूबाईंना हे जरूर सांगा. मला स्वतःला या हिशेबाला कागद लागतो.

त्याने ते कसं केलं, हे त्याला एकदा विचारा. उलटतपासणी नको, सहज विचारा, "मला पण शिकव की." माझा अंदाज असा की तो म्हणेल, दहाचे अठराशे, तिसाचे चोपन्नशे, राहिलेल्या पाचाचे नऊशे. म्हणजे पोरगा दहा-दहाचे गठ्ठे करतो. शाळेतली उभी मांडणीही तेच करते, फक्त तिच्यात दहा दिसत नाहीत. १८ मधला तो 'एक' म्हणजे दहा आहे हे लपून राहतं आणि वर सूचना असते, "एक घर सोडा." का सोडायचं हे ज्याला कुणी सांगितलं नाही तो एक ना एक दिवस सोडायचं विसरणारच. टीचरना दोष द्यायला मी मोकळी नाही. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मीसुद्धा "एक घर सोडा" एवढंच शिकवत होते, आणि जी पोरं विसरायची त्यांना वेंधळी म्हणत होते.

ही भानगड फक्त तुमच्या घरातली नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली छापून आला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. विकतानाचे हिशेब शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर आले. मग त्याच मुलांना तसलीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा शंभरात सदतीसच्या आसपास. मुलं पाचच होती, म्हणून कुणी म्हणेल त्यावर किती विसंबायचं. पण २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला बराच मोठा अभ्यास आला आणि त्यातही हेच निघालं. वर आणखी एक गोष्ट निघाली: शाळेत कागदावर गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे एका बाजूचं ज्ञान दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही, कुणीतरी मध्ये फळी टाकावी लागते. तुमच्या घरी ती फळी टाकायची आहे, एवढंच. बुद्धीचा प्रश्न इथे मी मिटवते.

आता तुमच्या पत्रातल्या दोन तारखा. पुतणी जानेवारीची, मुलगा डिसेंबरचा. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणून ही दोघं एका वर्गात आली. पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर आहे. आठ वर्षांच्या पोराच्या आयुष्यात वर्ष म्हणजे आठवा हिस्सा. तुम्ही दोन वेगळ्या वयांची पोरं एका पारड्यात घालताय आणि हलक्याला बोल लावताय. पहिली-दुसरीत हा फरक ठळक दिसतो, पुढे पुढे कमी होत जातो. पण तोवर "ती हुशार, हा ढ" असा शिक्का घरात बसला तर तो वयाबरोबर पुसला जात नाही. 'ढ' बद्दल सांगतात की अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत हे एकच अक्षर फारसं बदललं नाही, म्हणून न बदलणाऱ्या पोराला 'ढ' म्हणायची पद्धत पडली. गंमत म्हणून ठीक आहे. पण अक्षर बदललं नाही म्हणून पोरगं बदलणार नाही, हा कुठला न्याय?

१९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही नावं दिली आणि सांगितलं, ही मुलं यंदा चांगली उमलणार आहेत. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच जास्त पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, परिणाम इतका मोठा नसतो असंही दिसलं, म्हणून मी त्याला देववाणी मानत नाही. पण छत्तीस वर्षांत माझ्या वर्गात एवढं नक्की पाहिलं की ज्या पोराकडून माझी अपेक्षा नसायची त्याला मी उत्तरासाठी दोन सेकंद थांबायचे आणि ज्याच्याकडून असायची त्याच्यासाठी दहा. पोरांना ते कळतं. पोरं सेकंद मोजतात.

पत्रातलं एक वाक्य मात्र तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. वर्गातलं लिखाण अपुरं, घरी पुस्तकात बघून नीट. ताई, त्याला फळा दिसतो का?

माझ्या वर्गात मिरज तालुक्यात एक पोरगा होता. फळ्यावरचं उतरून घ्या म्हटलं की हा पेन्सिलीला टोक करायला उठायचा. दिवसातून पाच-सात वेळा. टोक करायची जागा फळ्याच्या कोपऱ्यात होती. चार महिने मी त्याला टंगळमंगळ करतोस म्हणून ओरडले. शेवटी तपासणीला डॉक्टर आले तेव्हा कळलं, पोरगा टोक करता करता फळा वाचून यायचा. त्याने कधी सांगितलं का नाही? कारण सगळ्यांना असंच धुरकट दिसतं असं त्याला वाटत होतं. जन्मापासून तसंच बघणाऱ्याला दुसरं काय माहीत असणार!

म्हणून पहिलं काम डोळ्यांचं. आज संध्याकाळीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर त्याला दहा-बारा फुटांवर उभा करा, एकेक डोळा झाकून तारखा वाचायला लावा. शेजारी पुतणीलाही उभी करा, म्हणजे खेळ वाटेल आणि तुम्हाला फरकही कळेल. तिला दिसणारं त्याला दिसत नसेल तर उशीर नको. दिसलं तरी एकदा ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन याच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची पथकं सरकारी शाळा-अंगणवाड्यांत येऊन पोरं तपासतात. खाजगी शाळेत घातलं की ही सोय सुटते आणि पालकांच्या लक्षातही येत नाही. त्याच फेरीत कान बघा, विशेषतः वरचेवर सर्दी होऊन कान वाहत असेल तर. डॉक्टरांना रक्तातलं लोहही तपासायला सांगा. लोह कमी असलेलं पोर मठ्ठ नसतं, दमलेलं असतं, पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

दमण्यावरून झोपेकडे येते. पावणेअकराला झोपतो, पावणेसातच्या व्हॅनसाठी पावणेसहाला उठतो. सात तास झाले. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे रोज किमान दोन तासांची उधारी, शाळेच्या सहा दिवसांत बारा तास. व्याज कुठे फिटतं तर वर्गात. दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं, त्यामुळे झोप कापून ट्यूशन लावणं म्हणजे मळणी केलेलं धान्य पोत्यात भरायच्या आधी पोतं फाडणं. राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलंय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तुमच्या मुलाची शाळा ते का पाळत नाही, हे पुढच्या पालकसभेत विचारायला हरकत नाही. एकटीने विचारू नका, चार आयांना बरोबर घ्या. एकट्या बाईच्या प्रश्नाला "बघू" म्हणतात आणि पाच जणींच्या प्रश्नाला उत्तर देतात, हा माझा अनुभव.

टीव्हीचं मी तुमच्या सासऱ्यांना सांगू शकत नाही. पण पोराची गादी त्या खोलीतून हलवता येते का बघा.

आणि चहा-खारी बंद करा. सकाळी भाकरी-दूध, नाहीतर चपातीबरोबर शेंगदाण्याची चटणी, एक उकडलेलं अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू, जे घरात असेल ते. चहा जेवणाबरोबर घेतला की अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात रयत शिक्षण संस्था आणली तेव्हा सोबत वसतिगृह काढलं, आणि ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. वही-पुस्तकाआधी पोटाला भाकरी आणि पाठ टेकायला जागा, हा हिशेब त्या माणसाला पक्का कळला होता. आपण घरात दोन्ही असून पोराला उपाशी आणि अर्धझोपेत व्हॅनमध्ये बसवतो.

आता भाषेचं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण इंग्रजीतले सतरा आणि गणितातले चौदा हे दोन्ही आकडे मला इथून आल्यासारखे वाटतात.

तुमच्या घरात माळवं म्हणतात. मराठीच्या पुस्तकात भाजी असते. शाळेच्या पुस्तकात व्हेजिटेबल. घरात कालवण, पुस्तकात आमटी, शाळेत करी. तुमच्या मुलाला एका वांग्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या चढायच्या आहेत आणि मधली पायरी कुणी बांधलेलीच नाही. घरची बोली त्याला पक्की येते, प्रमाण मराठी अर्धीमुर्धी, आणि इंग्रजी फक्त वर्गात कानावर पडते. आठ वर्षांचं पोर नवीन वाचायला शिकत असतं तेव्हा त्याचं सगळं बळ अक्षरं जुळवण्यात जातं. जुळवून तयार झालेला शब्द जर कानाला ओळखीचा निघाला तर अर्थ लगेच उमगतो. बत्ती पेटल्यासारखं होतं, डोळ्यांत दिसतं ते. शब्द ओळखीचाच नसेल तर एवढी मेहनत करून हातात दगड येतो. असे पन्नास दगड गोळा केल्यावर पोरगं खिडकीतून बाहेर बघायला लागतं आणि मग टीचर म्हणतात, लक्ष नसतं.

एक करून बघा. त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकातला शिकवून झालेला धडा त्याला वाचायला सांगा. घडाघडा वाचला तरी हुरळू नका. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, हा कुठला? मग पुस्तक मिटून तुमच्या भाषेत सांगायला लावा, काय झालं त्या गोष्टीत? बरीच मुलं धडा वाचत नसतात, म्हणत असतात. जत तालुक्यात माझ्याकडे पहिलीचा एक पोरगा 'आंबा' शब्द झटक्यात वाचायचा. एक दिवस पाटीवर तोच शब्द लिहून दिला तर गप्प. पुस्तकात शेजारी आंब्याचं चित्र होतं ना!

घरात त्याच्याशी बोला. पुष्कळ बोला, आणि तुमच्या बोलीतच बोला. 'न्हाई' म्हटलं की 'नाही म्हण' असं टोकणाऱ्या शिक्षकांशी माझं कधी जमलं नाही. टोकलेलं पोर शुद्ध बोलत नाही, बोलायचंच बंद होतं. बागेत विरळणी का करतात, डावणीचा रोग कशाने येतो, व्यापारी दर का पाडतो, हे सगळं त्याला विचारा आणि त्याला सांगू द्या. कारण सांगणं, आधी-नंतर लावणं, "असं झालं म्हणून तसं" जोडणं, हे पोर आईच्या भाषेत शिकतं आणि मग दुसऱ्या भाषेत नेतं. तुम्ही किती शिकलात याने इथे काही अडत नाही.

गणितात भाषेचा आणखी एक काटा आहे. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. पोरं ५२ लिहून मोकळी होतात. त्यात एकोणतीस, एकोणसत्तर हे तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागे उभे राहिलेले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो का? मराठी बुडाली म्हणून लोक टीव्हीवर ओरडत होते. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून जोड दिलीय. मी पुस्तकाच्या बाजूने होते आणि आमच्या घरात एकटी होते. तुमच्या मुलाचं तर आणखी त्रांगडं. शाळेत सिक्स्टी थ्री, बागेत त्रेसष्ट. डोक्यात हिशेब मराठीत चालतो आणि कागदावर इंग्रजीत उतरवायचा असतो. त्याला वीस आकडे मराठीत सांगून लिहायला लावा आणि वीस इंग्रजीत. कुठे उलटतात ते शोधा. चुकला तर "वीस आणि पाच" असं फोडून म्हणायला सांगा, लाज वाटायचं कारण नाही.

मग ट्यूशन. दोन तासांत तिथे काय करून घेतात? बहुतेक शाळेचाच आजचा गृहपाठ आणि परवाच्या चाचणीची प्रश्नोत्तरं. म्हणजे ज्याची दुसरी कच्ची राहिलीय त्याला तिसरी दोनदा. तुम्ही बागाईतदार, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड धरतो, पण तो दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ऑक्टोबरात घड कमी निघाले म्हणून त्या वेळी कितीही औषध मारलं तरी न धरलेला घड येतो का? तिसरीत जे कमी दिसतंय ते पहिली-दुसरीत धरायचं राहिलंय. पोराच्या बाबतीत एक बरं आहे, वेल मागे नेता येत नाही पण पोराला मागे नेता येतं.

आणि मागे राहिलेला तो एकटा नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या असर पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी ४८.८ टक्के होती. निम्मीही नाहीत. याच 'प्रथम'ने वर्षानुवर्षं एक साधी गोष्ट करून दाखवली: पोराला इयत्तेनुसार न शिकवता ते जिथे आहे तिथून शिकवलं तर ते पुढे सरकतं.

म्हणून महिनाभर ट्यूशन बंद. फीचे पैसे वाचतील ते अंडी-शेंगदाण्यात घाला. संध्याकाळी त्याला आधी तासभर खेळू द्या, गल्लीत, बागेत, कुठेही. मग घरी अर्धाच तास बसा. त्यात दहा मिनिटं त्याने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं, पण तिसरीचं पुस्तक नाही. ज्या पुस्तकात तो एका पानावर फार तर तीन-चार शब्दांना अडेल असं पुस्तक, मग ते पहिलीचं का असेना. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. अडला तर लगेच सांगू नका, मनात दहा मोजा.

उरलेल्या वेळात पेट्यांची वही. सध्या माल उतरतोय, तर रोजचा हिशेब त्याच्याकडे द्या. तारीख, पेट्या, दर, रक्कम. आधी त्याने तोंडी सांगायचं, मग जसं सांगितलं तसंच लिहायचं: दहा पेट्यांचे इतके, आणखी दहांचे इतके, वरच्या पाचांचे इतके, एकूण. आठवडाभर हे झालं की त्याच पानावर शेजारी शाळेसारखी उभी मांडणी करा आणि त्यालाच विचारा, तुझे दहाचे गठ्ठे यात कुठे आहेत ते दाखव. ज्या दिवशी तो त्या डावीकडे सरकलेल्या आकड्यावर बोट ठेवून "हे दहाचे" म्हणेल, त्या दिवशी "एक घर सोडा" पाठ करायची गरज संपली. वही त्याच्या वडिलांनी रोज बघावी. खरोखर वापरावी, कौतुकापुरती नको. व्यापाऱ्याची पावती आणि पोराची वही ताडून बघताना पोराने चूक पकडली तर बघा चेहरा कसा होतो.

टीचरना भेटा, पण "मुलगा कसा आहे" असं विचारू नका, त्याचं उत्तर "स्लो आहे" असंच येतं. विचारा, त्याला नेमकं काय येत नाही? हातच्याची वजाबाकी की शाब्दिक उदाहरण? शब्द वाचता येत नाही की वाचून कळत नाही? आणि डोळे तपासून होईपर्यंत पुढच्या बाकावर बसवायची विनंती करा. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न आवडतो. चाळीस पोरांत त्यालाही हे शोधायला सवड मिळालेली नसते.

माध्यमाबद्दल माझं मत लपवत नाही. प्राथमिक शिक्षण घरच्या भाषेत व्हावं, निदान पाचवीपर्यंत, असं २०२० चं शैक्षणिक धोरणही म्हणतं आणि माझी छत्तीस वर्षंही म्हणतात. पण आता फेब्रुवारीत, रागावर, शाळा बदलू नका. शाळा बदलल्याने चष्म्याचा नंबर जात नाही. तीन महिने वरचं करा, मेच्या सुट्टीत ठरवा. तोवर गावच्या झेडपी शाळेत एक दिवस जाऊन बसा. किती वर्गांना किती शिक्षक आहेत बघा. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण लहान गावात दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, आणि त्यातले एक सर्वेक्षणाला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. तिसरीतल्या कुठल्याही पोराला उठवून वाचायला सांगा. ज्या शाळेत मागच्या रांगेतलं पोर वाचतं आणि प्रश्न विचारतं ती शाळा चांगली, बोर्डावर काय लिहिलंय ते सोडा. तशी शाळा असेल तर जूनमध्ये खुशाल घाला आणि जाऊबाई काय म्हणतील याची काळजी करू नका. नसेल तर आहे तिथेच ठेवून घरून मराठी भक्कम करा.

एवढं करूनही तीन-चार महिन्यांत वाचन हललं नाही, ओळखीची साधी अक्षरंही रोज नवीन वाटत असली, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जातं का याची, तपासणी करून घ्या. ती साधारण आठव्या वर्षानंतरच नीट करता येते, म्हणजे उशीर झालेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे, परीक्षेत सवलती मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मला पत्रावरून तसं वाटत नाही, पण पत्रावरून निदान करणारी मी कोण.

राहिलं हात उचलण्याचं. शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घराला तो कायदा लागू नाही, पण पोराचं डोकं शाळेत आणि घरात एकच असतं, आणि घाबरलेलं डोकं फक्त सुटायची वाट शोधतं. मी सुरुवातीला छडी ठेवायचे. ती कधी सोडली ते सांगते: पेन्सिलीला टोक करणाऱ्या त्या पोराला चष्मा लागला त्या आठवड्यात. चार महिन्यांत त्याला किती वेळा मारलं ते मोजायचं धाडस आजही होत नाही. तुम्ही दोनदाच म्हणताय. त्याच्याजवळ बसून सांगा, माझं चुकलं. आई चुकलं म्हणाली तर पोरं डोक्यावर बसत नाहीत, गळ्यात पडतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा, आणि महिन्याभराने पेट्यांच्या वहीचं एक पान फोटो काढून पाठवा. खाडाखोड असली तरी पुसायला लावू नका, मला तीच बघायची आहे.